टेस्ट सगळ्या हिरव्या, तरी नोंदी गायब: 'इन्व्होक'सारखं फंक्शन तपासायचं कसं?

कोयनाकाठ · सोमवार, रात्री ११:१०

नमस्कार मंडळी,

गेल्या आठवड्यात सलग तीन रात्री एका बगमागे गेल्या. बग सापडला, दुरुस्तही झाला. पण तो आमच्या टेस्टमधून निसटलाच कसा, हे डोक्यातून जात नाहीये. म्हणून हा धागा.

आमचं काम पॅकिंग मशीनच्या कंट्रोलरवर चालणाऱ्या सी++ सॉफ्टवेअरचं. कंट्रोलरसोबत येणारा कंपायलर सी++१४ च्या पुढे जात नाही. स्टँडर्ड लायब्ररीत स्टड::इन्व्होक आलं ते सी++१७ मध्ये, त्यामुळे आम्हाला ते मिळत नाही. पाच वर्षांपूर्वी मी त्याच धर्तीवर घरचं एक टेम्प्लेट लिहिलं, नाव ठेवलं 'बोलाव'. त्याला साधं फंक्शन द्या, लॅम्बडा द्या, मेंबर फंक्शनचा पॉइंटर द्या, नाहीतर डेटा मेंबरचा पॉइंटर द्या. पुढे आर्ग्युमेंट्स द्या. ज्याला जसं बोलवावं लागतं तसं ते बोलावतं.

प्रत्येक यंत्राच्या ऑब्जेक्टमध्ये नोंदींचा एक व्हेक्टर आहे. एका नव्या मॉड्यूलमध्ये कुणीतरी असं लिहिलं (य हा यंत्राचा ऑब्जेक्ट):

बोलाव(&यंत्र::नोंदी, य).पुश_बॅक(नवी);

कंपाइल झालं, वॉर्निंगसुद्धा नाही. पण ग्राहकाकडून तक्रार आली की त्या मॉड्यूलच्या नोंदी रिपोर्टमध्ये दिसतच नाहीत. डीबगर लावला. पुश_बॅकच्या आत शिरलो तेव्हा व्हेक्टरमध्ये १२ नोंदी, ओळ पुढे सरकली की १३. बाहेर आलो आणि य च्या नोंदी बघितल्या तर पुन्हा १२. चार वेळा तेच केलं. मग वॉच विंडोत दोन पत्ते शेजारी शेजारी ठेवले, य मधल्या व्हेक्टरचा आणि पुश_बॅकच्या आतल्या 'धिस'चा. शेवटचे चारही आकडे वेगळे. नोंद भलत्याच व्हेक्टरमध्ये पडत होती, आणि तो व्हेक्टर अर्धविरामापाशी मरत होता.

कारण एका शब्दाचं. 'बोलाव'चा रिटर्न टाइप मी 'ऑटो' लिहिला होता. नुसता ऑटो रेफरन्स टाकून देतो, त्यामुळे दर वेळी अख्ख्या व्हेक्टरची कॉपी परत येत होती.

'बोलाव'च्या २३ टेस्ट होत्या आणि पाच वर्षं सगळ्या हिरव्या. डेटा मेंबरची टेस्टसुद्धा होती: तीन नोंदी असलेलं यंत्र करायचं, 'बोलाव'मधून नोंदी घ्यायच्या, साइज तीन आहे का बघायचा. कॉपीचाही साइज तीनच असतो.

माझा प्रश्न असा. अशा फंक्शनचं स्वतःचं काम काहीच नसतं. हिशेब नाही, निर्णय नाही, इकडचं तिकडे पोचवायचं एवढंच. मग त्याची टेस्ट नेमकं काय बघते? स्टँडर्ड लायब्ररीवाले त्यांचं इन्व्होक कसं तपासतात, हे कुणी बघितलंय का?

अर्धविराम · मंगळवार, सकाळी ७:२५

कोयनाकाठ, तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तुमच्याच शेवटच्या वाक्यात आहे. निरोप्याला तपासताना निरोप पोचला का एवढंच बघून भागत नाही. निरोप तोच होता का, लखोटा वाटेत उघडला गेला का, आणि परत आणलेलं उत्तर अस्सल की त्याची नक्कल, हे सगळं बघावं लागतं.

आधी थोडी पार्श्वभूमी, म्हणजे टेस्टची आखणी अशी का असते ते कळेल. सी++११ च्या मजकुरात 'इन्व्होक' हे मोठ्या अक्षरांत लिहिलेलं फक्त एक लिहिण्याचं चिन्ह होतं. थ्रेड, असिंक, बाइंड, फंक्शन, कॉल_वन्स यांची वर्णनं एकाच पद्धतीने करता यावीत म्हणून ते होतं. तुम्हाआम्हाला ते थेट वापरता येत नव्हतं. प्रत्येक लायब्ररीने पोटात आपापलं लिहिलेलं होतं. टोमाश कामिन्स्की यांनी २०१४ मध्ये एन४१६९ हा प्रस्ताव मांडला की हे सगळ्यांच्या पोटात आहेच, तर ते उघड करा. ते सी++१७ मध्ये आलं.

त्याच्या पोटात सात वाटा आहेत. तुमच्या २३ टेस्ट या सातांपुढे मांडून बघा.

मेंबर फंक्शनच्या पॉइंटरसाठी तीन. पहिलं आर्ग्युमेंट त्याच क्लासचा किंवा त्यातून निघालेल्या क्लासचा ऑब्जेक्ट असेल तर सरळ .* वापरायचं. ते रेफरन्स_रॅपर (स्टड::रेफ मधून मिळणारा, रेफरन्स पोटात बाळगणारा ऑब्जेक्ट) असेल तर आधी .गेट() करायचं. या दोन्हींपैकी काहीच नसेल तर ते पॉइंटरसारखं काहीतरी आहे असं धरून आधी * लावायचं आणि मग .*. डेटा मेंबरच्या पॉइंटरसाठी याच तीन वाटा, फक्त ऑब्जेक्टशिवाय दुसरं आर्ग्युमेंट चालत नाही. सातवी वाट उरलेल्या सगळ्यांची, म्हणजे फ(आर्ग्युमेंट्स).

सी++११ मध्ये या वाटा पाचच होत्या. रेफरन्स_रॅपरच्या दोन नंतर, एलडब्ल्यूजी (स्टँडर्ड लायब्ररीचा मजकूर सांभाळणारा गट) यांच्या २२१९ क्रमांकाच्या दुरुस्तीतून आल्या. त्याआधी स्टड::रेफ(य) दिलं की गाडी तिसऱ्या वाटेवर जायची, आणि रेफरन्स_रॅपरला * हा ऑपरेटर नसल्यामुळे तिथेच कंपायलर अडायचा. तुमचं 'बोलाव' जुनं वर्णन वाचून लिहिलं असेल तर हे आधी तपासा.

शिकाऊ · मंगळवार, सकाळी ९:०२

प्रश्न अगदी प्राथमिक असेल, पण मला खरंच कळून घ्यायचंय. फ(क) लिहिता येतं तिथे इन्व्होक(फ, क) कशाला?

अर्धविराम · मंगळवार, सकाळी ९:३०

अगदी योग्य प्रश्न. फ म्हणजे काय हे तुम्हाला ठाऊक असेल तर फ(क) च लिहा. टेम्प्लेट लिहिणाऱ्याला ते ठाऊक नसतं. मेंबर फंक्शनच्या पॉइंटरला कंस लावून बोलवता येत नाही, त्याला (ऑब्जेक्ट.*फ)() असंच लिहावं लागतं. डेटा मेंबरच्या पॉइंटरला तर तेवढेही कंस नकोत.

सी++२० मधलं रेंजेस::सॉर्ट बघा. रेंजेस::सॉर्ट(माणसं, {}, &माणूस::वय) असं लिहिलं की वयानुसार क्रम लागतो. त्या सॉर्टला वय हे फंक्शन आहे की डेटा मेंबर याच्याशी घेणंदेणं नाही, कारण आत इन्व्होक आहे. जुन्या काळात याच कामासाठी मेम_फन आणि मेम_फन_रेफ अशी दोन वेगळी फंक्शनं होती, एक पॉइंटरसाठी आणि एक ऑब्जेक्टसाठी, आणि कुठे कुठलं हे आपण लक्षात ठेवायचं. सी++१७ मध्ये ती काढून टाकली.

जर्मनीतला कोल्हापूरकर · मंगळवार, दुपारी २:४५

लिबसी++ मधली, म्हणजे क्लँग या कंपायलरसोबत येणाऱ्या लायब्ररीतली, इन्व्होकची टेस्ट मी नीट वाचलेली आहे. तिथली पद्धत सांगतो. कोयनाकाठ, तुमचा बग तिच्यात पहिल्याच टेस्टला पकडला गेला असता.

पहिली गोष्ट म्हणजे टेस्टसाठी वापरलेला क्लासच कॉपी होत नाही. त्याचा कॉपी कन्स्ट्रक्टर काढून टाकलेला आहे. फंक्शनला दिलं जाणारं आर्ग्युमेंटही तसंच, कॉपी न होणारं. इन्व्होकने वाटेत कुठेही चोरून कॉपी केली तर टेस्ट लाल होण्याआधी कंपाइलच होत नाही. तुमच्या टेस्टमध्ये व्हेक्टर होता, आणि व्हेक्टर मुकाट्याने कॉपी होतो. कॉपी न होणारा एक तीन ओळींचा क्लास त्या जागी ठेवा, तुमचा 'ऑटो' त्याच दिवशी उघडा पडतो.

दुसरी गोष्ट, किंमत तपासण्याआधी टाइप तपासायचा. परत आलेली गोष्ट इंट आहे, इंट& आहे की इंट&& आहे हे इज_सेमने (दोन टाइप एकच आहेत का ते सांगणारं) स्टॅटिक_असर्टमध्ये, म्हणजे कंपाइल होतानाच, बघायचं. इथे एक खाच आहे. परत आलेलं आधी ऑटो व्हेरिएबलमध्ये घेतलंत तर जे तपासायचं तेच पुसलं गेलं. डेकलटाइप(इन्व्होक(...)), म्हणजे 'या कॉलचा टाइप काय', असं थेट विचारायचं.

मग मेंबर फंक्शनचे प्रकार. एकाच नावाचं फंक्शन साधं, कॉन्स्ट, व्होलटाइल आणि कॉन्स्ट व्होलटाइल असं चार तऱ्हांचं असू शकतं. त्या प्रत्येकाला मागे काही नाही, & किंवा && असे तीन पर्याय (पहिलं चिन्ह टिकाऊ ऑब्जेक्टसाठी, दुसरं तात्पुरत्यासाठी). झाले बारा. प्रत्येकासाठी योग्य तऱ्हेचा ऑब्जेक्ट द्यायचा आणि नेमकं तेच फंक्शन चाललं का बघायचं. तोच ऑब्जेक्ट त्या क्लासचा, मग त्यातून निघालेल्या क्लासचा, मग साधा पॉइंटर, मग रेफरन्स_रॅपर. फाइल लांबते, कंटाळवाणी वाटते. पण या टेम्प्लेटमध्ये चूक लपायला जागा असते ती याच घरांमध्ये.

या बारांत सी++१७ पासून नोएक्सेप्ट, म्हणजे 'हे फंक्शन एक्सेप्शन फेकणार नाही' ही हमी, टाइपचा भाग झाल्यामुळे दोनाने गुणायचं, आणि शेवटी तीन टिंबं घेणारी, म्हणजे कितीही आर्ग्युमेंट्स घेणारी फंक्शनं धरली की आणखी दोनाने. ४८. इज_फंक्शन हे ट्रेट, म्हणजे 'हा टाइप फंक्शनचा आहे का' याचं उत्तर देणारं टेम्प्लेट, हाताने लिहायला बसलात तर तुम्हाला नेमकी ४८ स्पेशलायझेशन्स लिहावी लागतात. मी एकदा लिहून बघितली आहेत.

रानवाटा · मंगळवार, संध्याकाळी ६:१५

वाचतोय, आणि एक विरोधी मत नोंदवतोय. बारा गुणिले चार अशी टेस्ट लिहायला बसलो तर आमच्या टीमचा महिना जाईल. ॲप्लिकेशनमध्ये व्होलटाइल मेंबर फंक्शन मी बारा वर्षांत एकदाही लिहिलेलं नाही. ज्याच्याकडे सी++१७ आहे त्याने स्टड::इन्व्होक वापरावं आणि स्वतःच्या लॉजिकच्या टेस्ट लिहाव्यात. लायब्ररीच्या टेस्ट लायब्ररीवाल्यांनी लिहिल्या आहेत, त्याच आपण पुन्हा कशाला लिहायच्या?

जर्मनीतला कोल्हापूरकर · मंगळवार, संध्याकाळी ७:५०

रानवाटा, स्टड::इन्व्होक वापरणाऱ्यांबद्दल तुमच्याशी शंभर टक्के सहमत. त्याची टेस्ट आपण लिहिणं म्हणजे वेळ घालवणं. पण कोयनाकाठांकडे ते नाही. त्यांनी लिहिलेलं टेम्प्लेट हीच त्यांच्या टीमची लायब्ररी आहे, आणि ती वापरणारा माणूस तिच्यावर डोळे झाकून विश्वास ठेवतो. लायब्ररीची जबाबदारी घेतली की तिच्या टेस्टचीही घ्यावी लागते.

आणि महिना जाणार नाही. या टेस्ट नव्याने लिहायची गरजच नाही. लिबसी++ चा परवाना अपाची २.० आहे, एलएलव्हीएमच्या (क्लँग ज्या प्रकल्पाचा भाग आहे त्याच्या) सवलतींसह, आणि टेस्ट त्याच रिपॉझिटरीत उघड्यावर आहेत. मायक्रोसॉफ्टने त्यांची एसटीएल, म्हणजे त्यांची सी++ स्टँडर्ड लायब्ररी, २०१९ मध्ये खुली केली, आणि ते आपल्या टेस्टसोबत लिबसी++ चा टेस्ट संचही चालवतात. जे अजून पास होत नाही त्याची यादी वेगळ्या फाइलमध्ये ठेवतात. एवढी मोठी मंडळी दुसऱ्याच्या टेस्ट आपल्या कोडवर चालवतात, तर आपण का चालवू नयेत? परवान्याचा मजकूर सोबत ठेवा, स्टड::च्या जागी तुमचं नेमस्पेस घाला आणि काय काय कोसळतं ते बघा.

व्होलटाइलबद्दल एवढंच, की कंट्रोलरवर काम करणाऱ्यांकडे ते दिसतं.

इंद्रायणी_१२ · मंगळवार, रात्री १०:२०

सगळे 'चाललं पाहिजे' याबद्दल बोलत आहेत. मी 'चालता कामा नये' याबद्दल लिहिते, कारण माझे सगळ्यात वाईट दिवस त्यातच गेलेत.

कोयनाकाठ, तुम्ही दुरुस्ती काय केलीत ते लिहिलं नाही. माझा अंदाज आहे की ऑटोच्या जागी डेकलटाइप(ऑटो) घातलंत. रेफरन्सचा प्रश्न त्याने सुटतो, ऑब्जेक्ट.*पॉइंटर हे लिहिलेलं डेकलटाइप(ऑटो)मधून रेफरन्स म्हणूनच बाहेर येतं. पण दुसरा प्रश्न उभा राहतो. रिटर्न टाइप शोधण्यासाठी कंपायलरला फंक्शनच्या अंगात शिरावं लागतं. अंगात चूक सापडली की ती खरीखुरी एरर असते, तिथून माघार नाही.

आता समजा कुणी विचारलं, 'हे फंक्शन या आर्ग्युमेंट्सनी बोलवता येतं का?' याचं उत्तर 'नाही' असं यायला हवं. तुमच्याकडे उत्तराऐवजी ऐंशी ओळींची एरर येईल आणि बिल्ड थांबेल. दोन ओव्हरलोडमधून निवड करणारा सगळा कोड तिथे मोडतो. स्टड::इन्व्होकचा रिटर्न टाइप इन्व्होक_रिझल्टमधून येतो, म्हणजे फंक्शनच्या सहीतच (सिग्नेचरमध्ये) लिहिलेला असतो, अंगात शिरण्याची वेळ येत नाही. तुम्हाला सी++१४ मध्ये तेच करायचं तर सहीच्या शेवटी बाण (->) देऊन डेकलटाइपमध्ये तोच कॉल पुन्हा लिहायचा. दोनदा लिहावं लागतं, दिसायला वाईट दिसतं, पण तेच बरोबर आहे.

याची टेस्ट म्हणजे नकारांची यादी. आर्ग्युमेंट कमी दिलं: नाही. जास्त दिलं: नाही. कॉन्स्ट ऑब्जेक्टवर बिनकॉन्स्ट मेंबर फंक्शन: नाही. डेटा मेंबरला ऑब्जेक्टसोबत आणखी एक आर्ग्युमेंट: नाही. संबंध नसलेल्या क्लासचा ऑब्जेक्ट: नाही. प्रत्येक 'नाही' स्टॅटिक_असर्टमध्ये. ही यादी कंपाइल झाली की टेस्ट पास, चालवायचीही गरज नाही. आणि जिथे एरर यायलाच हवी, तिथे लिबसी++ मध्ये .व्हेरिफाय असं नाव असलेल्या वेगळ्या फाइली असतात. त्यांत कुठल्या ओळीवर कुठली एरर अपेक्षित आहे ते कॉमेंटमध्ये लिहितात आणि क्लँग ते ताडून बघतो.

कोयनाकाठ · मंगळवार, रात्री ११:०५

इंद्रायणी, अंदाज तंतोतंत बरोबर. डेकलटाइप(ऑटो)च घातलं होतं आणि काल मर्जही केलं. उद्या सकाळी पहिलं काम तेच.

अर्धविराम, २३ टेस्ट सात वाटांवर मांडल्या. सातव्या वाटेवर १६, पहिल्या वाटेवर चार, डेटा मेंबर आणि सरळ ऑब्जेक्टवर तीन. उरलेल्या चार वाटा कोऱ्या. रेफरन्स_रॅपर करून बघितलं, तुम्ही म्हणालात तसंच * पाशी अडलं.

अर्धविराम · बुधवार, सकाळी ७:१०

चार वाटा कोऱ्या आहेत हे आज कळलं, हे महत्त्वाचं आहे. त्या भरताना या दोन जागा विसरू नका.

पहिली, पॉइंटरसारख्या वस्तूंची वाट. आत प->*फ असं लिहिण्याचा मोह होतो, साध्या पॉइंटरवर ते चालतंही. पण युनिक_पॉइंटरला ->* हा ऑपरेटरच नाही. (*प).*फ असंच लिहायचं. म्हणून टेस्टमध्ये साधा पॉइंटर आणि युनिक_पॉइंटर दोन्ही हवेत, नुसत्या साध्यावर ही चूक कधीच दिसणार नाही.

दुसरी, वाटांचा क्रम. तुमच्या क्लासमधून निघालेला एक क्लास घ्या आणि त्याला * ऑपरेटरही द्या, जो भलताच ऑब्जेक्ट परत करतो. हा आता दोन्ही वाटांनी जाऊ शकतो. स्टँडर्डप्रमाणे तो पहिल्या वाटेनेच गेला पाहिजे, कारण तो त्या क्लासचा वारस आहे. ज्यांनी '* लावता येतं का' हे आधी विचारलं त्यांचं टेम्प्लेट इथे चुकीच्या ऑब्जेक्टवर काम करतं, आणि तेही बिनबोभाट.

आणि पत्ते ताडताना & नको, स्टड::ॲड्रेसऑफ वापरा. & सुद्धा ओव्हरलोड करता येतो.

शिकाऊ · बुधवार, सकाळी ८:४०

नोएक्सेप्टचा उल्लेख वर आला. बोलावणाऱ्या फंक्शनला नोएक्सेप्ट कसं ठरवतात? फ नोएक्सेप्ट असेल तर इन्व्होकही, असंच ना?

इंद्रायणी_१२ · बुधवार, दुपारी १:१५

बहुतेक वेळा तसंच, पण तेवढंच नाही. फंक्शन नोएक्सेप्ट आहे आणि स्ट्रिंग किंमतीने घेतंय असं समजा. त्याला तुम्ही अवतरणचिन्हांतला साधा मजकूर दिलात. फंक्शन स्वतः काही फेकत नाही, पण त्या मजकुराची स्ट्रिंग बनवताना मेमरी मागावी लागू शकते, आणि ते बनवणं फेकू शकतं. ही स्ट्रिंग इन्व्होकच्या आत बनते, कारण इन्व्होक आर्ग्युमेंट जसंच्या तसं घेऊन पुढे ढकलतं. म्हणून तिथे उत्तर 'नोएक्सेप्ट नाही' असंच यायला हवं. इज_नोथ्रो_इन्व्होकेबल हे सगळं मोजतं, आणि एलडब्ल्यूजी २८०७ या दुरुस्तीने इन्व्होकची सही त्याच उत्तराला बांधली.

टेस्टमध्ये दोन्ही बाजू हव्यात. हो येतं तिथे हो, आणि नाही येतं तिथे नाही. नुसत्या 'हो' तपासल्या तर सगळीकडे सरसकट नोएक्सेप्ट लिहिलेलं टेम्प्लेटसुद्धा पास होईल, आणि पहिली एक्सेप्शन आली की प्रोग्रॅम थेट टर्मिनेटमध्ये.

तुमच्या सी++१४ वर इज_नोथ्रो_इन्व्होकेबल नाही, कोयनाकाठ. नोएक्सेप्ट(नोएक्सेप्ट(कॉल)) असं लिहावं लागेल. आणि फंक्शनचा पॉइंटर दिला तर तिथे नोएक्सेप्ट कळणारच नाही, कारण १७ आधी ते टाइपमध्ये नव्हतं. ती टेस्ट फंक्टरवर, म्हणजे कंस लावून बोलवता येणाऱ्या ऑब्जेक्टवर, लिहा.

जर्मनीतला कोल्हापूरकर · बुधवार, संध्याकाळी ५:३०

एक टेस्ट अजून, माझी सगळ्यात आवडती. तिचा विचार ज्याने पहिल्यांदा केला असेल त्याच्याबद्दल मनापासून आदर आहे.

एक टेम्प्लेट घ्या, नाव 'धारक', ज्याच्यात ट टाइपचा एक मेंबर आहे. एक क्लास नुसता जाहीर करा, 'अपूर्ण', त्याचं अंग कुठेच लिहू नका. आता धारक<अपूर्ण> या टाइपचा नल पॉइंटर इन्व्होकला आर्ग्युमेंट म्हणून द्या. पॉइंटरच आहे, उघडून बघायची गरज नाही, म्हणजे चाललं पाहिजे.

पण इन्व्होकच्या आत कुणी मदतनीस फंक्शन नेमस्पेस न लावता बोलावलं असेल, तर कंपायलर ते नाव आर्ग्युमेंटच्या टाइपच्या आसपासही शोधायला जातो. त्यासाठी तो धारक<अपूर्ण> उघडतो, आत अंग नसलेला मेंबर सापडतो, आणि बिल्ड कोसळतं. जिथे चूक कुणाचीच दिसत नाही तिथे पानभर एरर. लिबसी++ मध्ये या जातीच्या टेस्टच्या फाइलींना 'रोबस्ट अगेन्स्ट एडीएल' असं नाव असतं (एडीएल म्हणजे आर्ग्युमेंटच्या टाइपच्या आसपास नाव शोधणं). तुमच्या आतल्या सगळ्या मदतनीस कॉलना नेमस्पेसचं पूर्ण नाव लावलंय का बघा.

आणि ज्यांच्याकडे सी++२० आहे त्यांच्यासाठी: तिथे इन्व्होक कॉन्स्टएक्सपर, म्हणजे कंपाइल होतानाही चालवता येणारं, झालं. त्यामुळे टेस्टचं एकच फंक्शन लिहायचं, शेवटी ट्रू परत करायचं, आणि ते दोनदा चालवायचं, एकदा असर्टमध्ये आणि एकदा स्टॅटिक_असर्टमध्ये. दुसऱ्या वेळी कंपायलर स्वतः ते चालवतो, आणि कंपाइल करतानाच्या मूल्यमापनात मेलेल्या रेफरन्सला हात लावलेला त्याला चालत नाही. रनटाइमला नशिबाने पास होणारी टेस्ट तिथे अडते.

रानवाटा · बुधवार, रात्री ९:००

धारकवाली टेस्ट आत्ताच आमच्या एका जुन्या इव्हेंट डिस्पॅचरवर चालवून बघितली. कोसळला. आमच्याकडे असलं काही लायब्ररीसारखं नाही असं मी काल धरून चाललो होतो, पण डिस्पॅचर म्हणजे तेच की. काल लिहिलेलं त्या बाबतीत मागे घेतो. सी++१७ असताना स्टड::इन्व्होकच वापरा, हे मत कायम.

कोयनाकाठ · शनिवार, दुपारी ४:२०

तीन दिवस लागले, पण सांगण्यासारखं झालंय.

रिटर्न टाइप आता बाणापुढे डेकलटाइपमध्ये लिहिला आहे. सातही वाटा भरल्या. टेस्टचा क्लास कॉपी न होणारा. नकारांची यादी १९ जणांची झाली. क्रमाच्या टेस्टमध्ये आमचं 'बोलाव' बरोबर निघालं, ->* च्या टेस्टमध्ये चुकलं. धारकाने दोन ठिकाणी पाडलं, दोन्ही मदतनीसांना पूर्ण नावं दिली. ज्या मॉड्यूलमधून तक्रार आली होती त्याच्या नोंदी काल रात्रीपासून रिपोर्टमध्ये दिसत आहेत.

मग एक गोष्ट मनाने केली. टेस्ट खरंच राखण करतात का हे बघायचं म्हणून 'बोलाव'मध्ये मुद्दाम एकेक मोडतोड केली आणि दर वेळी सगळ्या टेस्ट चालवल्या. बाण काढून ऑटो परत घातला: लाल. रेफरन्स_रॅपरची वाट काढली: लाल. नोएक्सेप्ट सरसकट केलं: लाल. वाटांचा क्रम उलटा केला: लाल. पहिल्या वाटेवर ऑब्जेक्टभोवतीचा स्टड::फॉरवर्ड (ऑब्जेक्ट तात्पुरता की टिकाऊ हे जसंच्या तसं पुढे पोचवणारा) काढला: हिरवी.

अर्धा तास त्या हिरव्या रंगाकडे बघत बसलो. माझी मेंबर फंक्शनं सगळी साधी किंवा कॉन्स्ट होती, आणि ती तात्पुरत्या ऑब्जेक्टवरही चालतात, टिकाऊवरही. फॉरवर्ड असो वा नसो, त्यांना फरक पडत नव्हता. कोल्हापूरकरांनी सांगितलेल्या बारांपैकी & आणि && वाली घरं मी 'आपल्याला लागत नाहीत' म्हणून सोडली होती.

मागे && असलेलं एक मेंबर फंक्शन टेस्टच्या क्लासमध्ये टाकलं, आणि डेटा मेंबरसाठी एक ओळ: स्टड::मूव्ह(य) दिल्यावर &नोंदी मधून येणारा टाइप && च असला पाहिजे. पुन्हा दोन्ही वाटांवरचा फॉरवर्ड काढून बघितला. पहिली टेस्ट कंपाइल झाली नाही, दुसरी स्टॅटिक_असर्टवर थांबली. फॉरवर्ड परत ठेवले, सगळं हिरवं. आता उरलेली & वाली घरं भरायला घेतोय.